तिसऱ्या गावचे पंच

भाऊसाहेब गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या टायपिंग क्लासात चौदा मशिनं चालू होती. कर्जत कोर्टातले जुने बेलिफ दारात येऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन, आणि "बाई, आपले वकीलसाहेब..." एवढंच म्हणाले. मुलींचे हात आपोआप थांबले. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. माझ्या मनात आलं, सुटले बिचारे. आता पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली म्हणून त्यांना उठून आतल्या खोलीत जावं लागणार नाही. रडू त्यानंतर आलं, आणि मग मी मुलींना घरी पाठवलं.

या गोष्टीला महिना झाला. कोर्टात शोकसभा झाली. तिथे सगळे त्यांच्या पाठांतराबद्दल, कूळकायद्याच्या दाव्यांबद्दल, उलटतपासणीत साक्षीदाराला गोडीगुलाबीने बोलतं करायच्या हातोटीबद्दल बोलले. सगळं खरंच होतं. पण मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर टायपिस्ट म्हणून बसले, आणि त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत मी जे पाहिलं ती भीती होती. एका सज्जन माणसाच्या अंगात भीती कशी शिरते, आणि एकदा शिरली की कसं घर करते, ते मी रोज अकरा ते सहा पाहिलं. त्याबद्दल सभेत कुणी चकार शब्द काढला नाही. मीही उठले नाही. मला व्यासपीठाची भीती वाटते, कागदाची वाटत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

भाऊसाहेब कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचे वकील. बांध कुणाचा, पाट कुणाचा, आंब्याचं झाड कुणाचं आणि सावली कुणाच्या शेतावर, असे त्यांचे दावे. त्यातले निम्मे ते कोर्टाच्या पायरीपर्यंत येऊच देत नसत. दोन गावांचं भांडण असलं की पंच बसवायचे, तेही तिसऱ्या गावचे, म्हणजे कुणाची भीडभाड नको. मला वही घेऊन बरोबर नेत. तिथली एक रीत पाहून मला सुरुवातीला फार गंमत वाटायची. ज्याच्याकडून आगळीक झाली तो आधी आपण होऊन दुसऱ्याच्या अंगणात जायचा आणि झाली त्याच्या दुप्पट चूक अंगावर घ्यायचा. "माजीच मती फिरली, माज्याच बैलांनी तुमचा सगला भात खाल्ला." सगळा कुठला, दोन खाचरं खाल्लेली असत. मग समोरच्यालाही अवघडल्यासारखं होई आणि तो म्हणे, "नाय रं, सगला नाय. कुपनाला भगदाड तर माजंच हाय." तिथून पुढे पंचांचं काम सोपं. ज्याचं नुकसान झालं त्याला भात मापून भरपाई, आणि कुणी मुद्दाम खोडी काढली असेल तर वर दंड. पण तो दंड गावदेवीच्या देवळाला जायचा, वादीच्या घरात कधीच नाही.

आणीबाणी उठून एक-दोन पावसाळे झाले असतील. भाऊसाहेबांचे कॉलेजातले दोस्त दिनकरराव यांचा साजगावच्या रस्त्याला नळाचे पितळी व्हॉल्व्ह ओतायचा कारखाना होता, साठ-सत्तर माणसांचा. त्यांना अमेरिकेतल्या एका मोठ्या खरेदीदाराची ऑर्डर मिळाली. करार तिकडूनच छापून आला, चांगला जाडजूड. दिनकरराव पेढे आणि करार एकदमच घेऊन आले. "भाऊ, तू नजर घाल आणि सही कुठे करायची तेवढं सांग." भाऊसाहेबांनी दोन दिवस लावून तो वाचला. एका कलमाशी थांबले आणि मला जवळ बोलावलं. "कुमुदबाई, हे बघा. वाद झाला तर कोर्ट नाही, पंच. तीन पंच, आणि बसणार लंडनला. म्हणजे ना त्यांचं गाव, ना आपलं. कायदा तेवढा न्यूयॉर्क राज्याचा." आणि खूश होऊन हसले. "हे तर आपल्या कोंडाणे गावच्या पंचायतीसारखंच झालं की. तिसऱ्या गावचे पंच!" त्या कलमासमोर त्यांनी पेन्सिलीने 'ठीक' असं लिहिलं. न्यूयॉर्कचा कायदा काय म्हणतो ते पाहायला पुस्तक तरी कर्जतला कुठून असणार?

पुढच्याच पावसाळ्यात घोळ झाला. साच्याची वाळू वाळली असं समजून कामगारांनी साचे भरले, पण ती आतून ओलीच होती. ओल्या वाळूत पितळ ओतलं की वाफ कोंडते आणि धातूत बारीक पोकळ्या राहतात, वरून दिसत नाहीत. नमुन्यादाखल तपासलेले व्हॉल्व्ह नेमके चांगले निघाले. बाकीचे तिकडे भिंतीआड बसवल्यावर गळायला लागले. तक्रारीचं पत्र आलं तेव्हा दिनकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. "भाऊ, आता ह्यांना काय लिहू?" आणि आयुष्यभर लोकांना जे शिकवलं तेच भाऊसाहेबांनी मित्राला सांगितलं. आधी अंगणात जा.

पत्राचा मजकूर त्यांनी मराठीत सांगितला, मी तो इंग्रजीत टाइप केला, त्यांनी वाचून पसंत केला, दिनकररावांनी सही केली. मला ते अजून पाठ आहे. आमच्या हातून मोठी कसूर झाली आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वाळू ओली राहते हे आम्ही जाणत होतो, तरी माल पाठवला. दोष सर्वस्वी आमचा. आपण थोर आहात, पदरात घ्यावे... खरं म्हणजे माल खराब आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. पण चूक दुप्पट घ्यायची ना अंगावर! पाकिटाला तिकिटं मीच डकवली. आता तिकडून 'नाही हो, थोडं आमचंही चुकलं' असं उत्तर येईल म्हणून आम्ही तिघं वाट बघत बसलो.

तीन महिन्यांनी उत्तर आलं ते त्यांच्या वकिलांकडून. त्यांनी पंचांपुढे दावा लावला होता. व्हॉल्व्हची किंमत आणि भिंती फोडून नवे बसवायचा खर्च मागितला होता, ते न्याय्यच होतं. पण त्याच्यावर, त्याच्या कितीतरी पट, दंड मागितला होता, अद्दल घडावी म्हणून. आणि तो दंड खरेदीदारालाच मिळायचा होता. कारण काय, तर ही साधी चूक नाही, जाणूनबुजून केलेली फसवणूक आहे. फसवणूक करारात बसत नाही, म्हणून तिला करारातला न्यूयॉर्कचा कायदा लागत नाही. तिला खरेदीदाराच्या स्वतःच्या राज्याचा कायदा लागतो, आणि त्या कायद्यात असा दंड देता येतो. पुरावा म्हणून आमचंच पत्र जोडलं होतं. 'जाणत होतो' या शब्दांखाली लाल रेघ होती. भाऊसाहेबांनी ते पान वाचलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "दंड वादीला?" ते म्हणाले. "असं कुठे असतं, बाई?"

तिथून ती भीती सुरू झाली. दंड बसला असता तर कारखाना मोडून विकला तरी तो फिटला नसता. परदेशात बसलेल्या पंचांचा निवाडा आपल्या कोर्टातून वसूल करता येतो, हे त्यांनी कायद्याच्या पुस्तकात काढून पाहिलं. आणि मग रोज तेच पान काढून पाहू लागले, आज काही वेगळं छापलेलं असेल म्हणून. साठ-सत्तर घरांच्या चुली त्या कारखान्यावर पेटत होत्या. त्यातला कुणी रस्त्यात भेटला आणि "रामराम सायेब" म्हणाला की भाऊसाहेब मान खाली घालून पुढे जात. पोस्टमनची घंटा वाजली की उठून आतल्या खोलीत जात आणि मला म्हणत, "तुम्ही बघा." जेवण तुटलं. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, मला स्वयंपाकघरात ओढून विचारत, "अगं, ह्यांना झालंय तरी काय?" मी काय सांगणार? माझीच पाचावर धारण बसली होती. ते वाक्य माझ्या मशिनवर उमटलं होतं.

मुंबईला फोर्टमधल्या एका बॅरिस्टरांना गाठलं. दिनकररावांच्या गाडीतून चौक-पनवेल करत आम्ही तिघं गेलो, मी फायली मांडीवर घेऊन मागे बसलेली. बॅरिस्टर हुशार होते, त्यात वाद नाही. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की न्यूयॉर्कचा कायदा आपल्या बाजूचा आहे. तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं म्हटलं होतं की शिक्षा करणं हे राज्याचं काम, खाजगी पंचांनी फक्त नुकसान भरून द्यावं. म्हणजे ज्या कलमावर भाऊसाहेबांनी न बघता 'ठीक' लिहिलं होतं तेच तारणार होतं. "पण फसवणूक ठरली की तो कायदा हातातून निसटू शकतो," बॅरिस्टर म्हणाले. मग त्यांनी ते पत्र पुढे ओढलं आणि माझ्याकडे न बघता भाऊसाहेबांना विचारलं, "मजकूर तुम्ही मराठीत सांगितला होतात ना? मग हे वाक्य टायपिस्टनं तिच्या अकलेनं घातलं, असं म्हणू या. इंग्रजी कच्चं आहे तिचं. तसं शपथपत्र करू." डोक्यावर पंखा फिरत होता. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. दिनकरराव खिडकीबाहेर बघत होते. भाऊसाहेब... काही बोललेच नाहीत. बॅरिस्टरांनी तोच होकार समजून लिहून घेतलं.

पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आमच्या घरात मिळवती मी एकटी, वडील अंथरुणाला खिळलेले. उद्या कारखाना बुडाला तर अख्खं साजगाव म्हणणार, त्या बाईमुळे बुडाला. आणि टायपिस्टचं इंग्रजी कच्चं असं शपथेवर लिहून गेल्यावर मला दारात तरी कोण उभं करणार? आईला सांगायचीही हिंमत होत नव्हती. अशात बॅरिस्टरांकडून भाऊसाहेबांच्या शपथपत्राचा मसुदा आला, स्वच्छ टाइप करून सहीनिशी परत पाठवा म्हणून. टाइप कोण करणार? मीच! सातव्या कलमात माझं नाव होतं. सहा कलमं मी टाइप केली. सातव्याला बोटं मशिनवर तशीच राहिली, पुढचं अक्षर दाबताच येईना. भाऊसाहेब समोरून बघत होते. मग ते उठले, मसुदा माझ्या हाताखालून काढून घेतला आणि सातव्या कलमावर काट मारली. "लिहा. वाक्य माझं होतं. मी सांगितलं, मी वाचून पसंत केलं. का सांगितलं, ते मी पंचांना समजावून देईन." मग म्हणाले, "आणि गोमातात्यांना निरोप धाडा."

गोमातात्या म्हणजे कोंडाणे गावचे शेतकरी. पंच म्हणून त्यांना दोन्ही तालुक्यांत मान होता. साक्षी घेण्यापुरती पंचांची बैठक मुंबईतल्या एका हॉटेलात ठरली. एक पंच आपल्या बाजूनं नेमलेले, एक त्यांच्या, आणि मधले अध्यक्ष इंग्रज. आधी भाऊसाहेबांची उलटतपासणी झाली. जन्मभर दुसऱ्यांची उलटतपासणी घेतलेला तो माणूस दीड तास घाम पुसत उभा होता. "जाणत होता की नव्हता?" "नव्हतो." "मग लिहिलंत का?" हाच प्रश्न समोरच्या वकिलांनी पाच-सहा तऱ्हांनी विचारला, आणि दर वेळी भाऊसाहेबांचा आवाज थोडा खाली गेला. मला वाटलं, संपलं सगळं. मग आमच्याकडच्या रीतीची साक्ष द्यायला तात्यांना बोलावलं. मुंबईच्या दुभाष्याला त्यांची बोली काही उमजेना. अध्यक्षांनी विचारलं, दुसरं कुणी आहे का? भाऊसाहेब उठून म्हणाले, "आमच्या टायपिस्ट आहेत. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे." समोरच्यांनी कुरकुरत मान्य केलं. मी जाऊन तात्यांशेजारी उभी राहिले.

"तुमच्याकडे लोक न केलेला गुन्हा कबूल करतात. म्हणजे खोटं बोलतात?" समोरच्या वकिलांनी विचारलं.

"खोटं कशाला? चूक तं झालीच ना. ती वाईच मोठी करून सांगाची. म्होरचा रागानं भरलेला असतो, त्याला खाली उतराला वाट नको?"

"आणि मुद्दाम केलं असेल तर?"

"मुद्दाम करनारा अंगनात येतच नाय, सायेब. तो घरात बसून वकील शोधतो."

आपल्या बाजूच्या पंचांना हसू आवरेना. अध्यक्षांनी मात्र पेन खाली ठेवलं आणि स्वतः विचारलं, की तुमच्या पंचायतीत दंड होतो तो कुणाला मिळतो?

"देवीला. ज्याची नुसकानी झाली त्याला भरपाय. दंड पन त्यालाच दिला तं मंग तो शेती कशाला करंल? रोज भांडानच उकरंल."

मी ते इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता.

निवाडा यायला आठ महिने लागले. भाऊसाहेब नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत गेले, पाकीट मी फोडलं आणि शेवटचं पान आधी वाचलं. भरपाई पुरी द्यायची होती. दंड नाही. दोन विरुद्ध एक, पण नाही! वादाला नाव काहीही द्या, तो याच करारातून उठला आहे, म्हणून करारातलाच कायदा लागेल, आणि त्या कायद्यानं पंचांना शिक्षा करता येत नाही, असं कारण दिलं होतं. आमच्या पत्राबद्दल एकच ओळ होती, की ते तडजोडीच्या हेतूनं लिहिलेलं दिसतं. गोमातात्यांचं त्यात नावही नव्हतं. त्यांना ते सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. नाव लिवलं का मानूस आडाकतो." कारखान्यामागची मोकळी जागा विकून दिनकररावांनी भरपाई दिली आणि भट्टी चालू राहिली.

मला वाटलं होतं, आता भाऊसाहेब पूर्वीसारखे होतील. झाले नाहीत. दंड टळला पण भीती राहिली. त्या दाव्यानंतर 'चुकलं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. कुणाच्या पायावर पाय पडला तर इकडेतिकडे बघून पुढे जायचे. वहिनींना बाजारातून भलतंच काही आणून दिलं तर तेच हवं होतं म्हणून वाद घालायचे. आणि सर्वांत वाईट म्हणजे अशिलांना म्हणू लागले, "काही कबूल करायचं नाही. त्यांच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही." दोन खाचरांची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालायला लागली. गोमातात्या एकदा येऊन म्हणाले, "वकील, आमाला पंचाला बोलवत नाय तुमी हल्ली." भाऊसाहेबांनी विषय बदलला. ते दावे मीच टाइप करत होते, आणि मला भाऊसाहेबांचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग फोर्टातल्या त्या पंख्याखालच्या गप्प बसण्याचा होता. त्यांनी सातवं कलम खोडलं, भर बैठकीत माझं इंग्रजी चांगलं म्हणाले, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत. काही दिवसांनी मी नोकरी सोडली आणि क्लास काढला.

ते जायच्या आधी पंधरा दिवस मी त्यांना भेटायला गेले होते. दम्यानं पार वाळले होते, पाठीशी दोन लोड लावून बसवलं होतं. वहिनी चहा करायला आत गेल्या. आम्ही क्लासबद्दल बोललो, मुली किती, मशिनं कुठली. मग ते एकदम थांबले. दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या पर्सकडे पाहिलं.

"कुमुदबाई, तुम्ही हे लिहून घेत नाही ना?"

"नाही हो, भाऊसाहेब."

"हे बाहेर कुठे जाणार नाही ना?"

"नाही."

त्यांनी माझा हात धरला. "त्या दिवशी फोर्टात मी गप्प बसलो," ते म्हणाले. "माझं चुकलं."

'नाही हो, माझंही थोडं' असं म्हणायची आपली रीत, पण माझं काही चुकलेलं नव्हतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं रडत होतो. मी त्यांना शब्द दिला होता की हे लिहिणार नाही, कुठे जाणार नाही... आणि आज सगळं लिहून छापायला देते आहे. भाऊसाहेब, माझं चुकलं.